वास गिळणारी शेगडी

"...आणि वासाचं काय होतं मग?" गेनूबाबांनी विचारलं.

माणिक ढोबळे ओणवा होऊन शेगडीखालचं दार उघडून दाखवत होता. तो थांबला.

ही शेगडी त्यानं आजवर पुष्कळांना दाखवली होती. पुण्यात त्याचं मोठं दुकान. नव्या घरांतली स्वयंपाकघरं बांधून द्यायचा त्याचा धंदा. गिऱ्हाईक विचारायचं, आवाज किती येतो, वीज किती लागते, पुसायची कशी. वासाचं काय होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. वास जातो, एवढंच लोकांना हवं असायचं.

"वास कोळसा खातो, बाबा."

"कोळसा?"

माणिकनं मग नीट समजावून सांगितलं. दोन जाळांच्या मधोमध ही फट. फटीखाली पंखा. भांड्यातली वाफ आणि धूर वर चढायच्या आधीच पंखा त्यांना धरतो आणि खाली ओढतो. तेलाचा चिकटा जाळीत अडकतो. पुढं हा कोळशाचा डबा, त्यात वास मुरतो. मागच्या भिंतीतल्या नळीतून बाहेर पडते ती नुसती हवा. डोक्यावर धुराडं नाही, भिंतीला काजळी नाही.

बाबा खाली बसून त्या डब्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"पोट भरत असंल का त्याचं?"

माणिक हसला. "भरतं की. वर्षातून दोनदा बदलायचा."

बाबांनी मान डोलावली. मग जाळाकडं बोट केलं. पंखा सुरू होता आणि निळी ज्योत फटीच्या बाजूला कलली होती.

"ही मान खाली घालतीय बघ," बाबा म्हणाले.

"पंखा जरा जोरात आहे. कमी करतो."

"राहू दे," म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

*

निरगुडीच्या टेकडीवर ही गेनूबाबांची मठी. मठी म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक पत्र्याचं स्वयंपाकघर, पुढं दगडी कट्टा आणि एक जुनं करंजाचं झाड. टेकडीच्या पायथ्याला खडीची खाण, आणि खाणीला लागून खडी फोडणाऱ्यांची वस्ती. मठीवर रोज दुपारी एक पंगत उठायची. चाळीस-पन्नास पानं. भाकरी, आमटी, भात. गोड काही नाही. सणाला गूळ.

स्वयंपाक हौसाबाई करायची. तीस वर्षं तिनं त्या खोपट्यात चूल फुंकली होती. डोळे कायम लाल आणि खोकला कायम सोबतीला. कोणी कळवळून काही बोललं तर म्हणायची, "रडायला कारण लागत न्हाई मला, फुकाट रडून होतंय."

माणिक वर्षभर दर गुरुवारी पुण्याहून यायचा. त्याला बाबांचा अनुग्रह हवा होता. दुसरं काही नको होतं. दुकान होतं, घर होतं, माणसं मान देत होती. पण आत कुठंतरी एक दार लागत नव्हतं, रात्रंदिवस वाजत होतं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला की ते लागेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तीनदा त्यानं तोंड उघडून मागितला. तिन्ही वेळा बाबा एवढंच म्हणाले, "जेवलास का?"

तिन्ही वेळा माणिक म्हणाला, "मी जेवून आलोय, बाबा."

जेवून आलेला नसायचा. पहाटे निघायचा, वाटेत चहा घ्यायचा, एवढंच. तरी तोंडातून तेच जायचं. मग बाबा दुसरंच काही बोलायला लागायचे. पाऊस, शेळ्या, करंजाची साल. अनुग्रहाची गोष्ट तिथंच राहायची.

माणिकनं विचार केला, आपण नुसतं मागतो, देत काही नाही. आधी सेवा करावी. हौसाबाईचे डोळे त्याला दिसत होते. दुकानातली सगळ्यात भारी शेगडी त्यानं मठीला द्यायचं ठरवलं. माणसं आणून काळा ओटा फोडला, नवा बांधला, भिंती धुऊन पांढऱ्या केल्या. हौसाबाईची उंच तपेली बाजूला ठेवून बसकी, पसरट पातेली आणली. उंच भांड्याची वाफ फटीच्या आवाक्याबाहेर वर निघून जाते. धंद्यातली ही बारीक गोष्ट त्याला बरोबर ठाऊक होती.

एक गोष्ट मात्र त्यानं मठीवर कोणाला सांगितली नव्हती.

कुठला म्हणून विचारलं की तो म्हणायचा, पुण्याचा. तो पुण्याचा नव्हता. तो याच टेकडीच्या पायथ्याचा होता. खडी फोडणाऱ्या गोदाबाईचा मुलगा. अकराव्या वर्षी मामाकडं गेला, तो परत आला नव्हता.

*

आता ही मागली गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढचं समजेल.

माणिक सात वर्षांचा होता. मुकादमाच्या घरी काही तळत होते. भजी असतील. वास वस्तीभर सुटला होता. पोराच्या जातीला काय कळतं? पाय आपोआप तिकडं गेले. दारात जाऊन नुसता उभा राहिला. मागितलं काही नाही.

मुकादमाची बायको आतल्या बायकांना म्हणाली, "आला बघा. वासावर आला. मांजर तरी बरं, म्यांव करून येतं."

बायका हसल्या. हसण्यात वाईटपणा नसेलही. पण खडी वाहून नेणारी गोदाबाई तेव्हाच दारावरून चालली होती. तिनं ते ऐकलं.

तिनं पोराला मारलं नाही. घरी नेलं, पाणी पाजलं, आणि शांतपणे शिकवलं, "कोणी जेवायला म्हणालं तर म्हणायचं, मी जेवून आलोय. काय म्हणायचं?"

"मी जेवून आलोय."

"परत म्हण."

पोरानं परत म्हटलं.

तेव्हापासून दुपारी मठीवरून फोडणीचा वास खाली उतरला, की गोदाबाई पदराचं टोक पोराच्या नाकावर धरायची. वस्तीतली बाकीची माणसं टेकडी चढून जायची. ही दोघं खाली बसायची. माणिकला वाटायचं, ही माणसं किती निलाजरी. वासावर जातात.

पुढं तो शिकला, मोठा झाला, आणि त्यानं धंदा कोणता धरला, तर लोकांच्या घरातला वास बाहेर जाऊ न देण्याचा. हे दोन्ही त्यानं कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. माणूस आपल्या पाठीकडं बघत नाही.

गोदाबाई शेवटची वर्षं त्याच्यापाशी पुण्याला राहिली. तिथंही हीच शेगडी. ती कधीकधी हॉलमधून उठून ओट्यापाशी यायची आणि पातेल्यात वाकून बघायची. म्हणायची, "शिजतंय का न्हाई, काय कळतच न्हाई रे तुज्या घरात." जाऊनही तिला सहा वर्षं झाली होती.

*

तर त्या गुरुवारी शेगडीवर पहिला स्वयंपाक झाला.

हौसाबाई हरखून गेली होती. भाकऱ्या झाल्या, भात झाला, आमटीला उकळी आली. एकदाही तिचा पदर डोळ्याला लागला नाही. शेवटी तिनं फोडणी घातली. मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, लाल मिरच्या. या फोडणीनं रोज सगळी मठी खोकायची. बाबासुद्धा कट्ट्यावर ठसकायचे. आज फोडणी चर्र वाजली, आणि सगळा ठसका त्या फटीत उतरला. हवा जशीच्या तशी.

"जादू हाय सायेब," हौसाबाई म्हणाली. "कापूर जळावा तसं ग्येलं."

माणिक हात मागं बांधून उभा होता. त्याला फार बरं वाटलं. आज बाबा आपण होऊन बोलतील, असं वाटलं.

कट्ट्यावर पत्रावळी मांडल्या. पाणी ठेवलं.

बाबा करंजाखाली बसले होते.

ऊन कट्ट्याच्या पहिल्या पायरीवर होतं, ते तिसरीवर आलं. कोणी आलं नाही.

भात निवायला लागला. हौसाबाईनं त्यावर ताट झाकलं.

"माणसं कधी येतात, मावशी?" माणिकनं विचारलं. दर गुरुवारी तो पंगत बघायचा, पण माणसं कशावरून उठून येतात, हे लहानपणी बघितलेलं त्यानं केव्हाच मनाआड टाकलं होतं. पंगत सुरू झाली की तो मागं झाडांत जाऊन बसायचा.

"फोडणी पडली की येत्यात."

"फोडणी पडून तास झाला."

"व्हय," हौसाबाई म्हणाली. मग तिच्या ध्यानात काही आलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. डोळे कोरडे असताना पदर लावायची ती पहिलीच वेळ असेल.

मग तिनं सांगितलं. या मठीवर जेवायला कोणाला बोलवत नाहीत. घंटा नाही, हाळी नाही, सांगावा नाही. बाबांच्या गुरूंपासूनची ही रीत. हाक मारली की ज्याला मारली तो उपाशी आहे, हे चार लोकांना कळतं. म्हणून फोडणी जरा जहाल घालायची. वारं टेकडीवरून खाली वाहतं. ज्याला वास आला त्याला आमंत्रण पोचलं. आला तर कोणी विचारायचं नाही का आला, नाही आला तर का नाही आला. वर चढणारा म्हणतो, सहज आलो होतो. आणि बाबा म्हणतात, सहज आलास तर सहज बस.

माणिक आत वळला.

शेगडीचा पंखा अजून हळू घुमत होता. त्यानं जाऊन तो बंद केला. परत बाहेर आला. बाबांकडं बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"मी बोलावून आणतो," तो म्हणाला.

हौसाबाई काही बोलणार होती. बाबांनी हात वर केला. ती गप्प झाली.

"जा," बाबा म्हणाले.

*

दर गुरुवारी माणिक पलीकडच्या गाडीरस्त्यानं यायचा; खाणीकडची वाट तो सदतीस वर्षांनी उतरला. वाट तीच होती, तोच निसरडा मुरूम. फक्त त्याचे बूट नवे होते.

खाणीत सुट्टी झाली होती. माणसं पत्र्याच्या सावलीला बसली होती. सगळ्यांच्या अंगावर पांढरी धूळ. पुढ्यात फडकी सोडलेली, काहींत भाकरीचा तुकडा, काहींत तोही नाही. एकजण मान लांब करून टेकडीकडं बघत होता. माणिक आला तसा तो दुसरीकडं बघायला लागला.

"चला," माणिक म्हणाला. "मठीवर जेवण तयार आहे. चला सगळे."

आवाज जरा मोठाच लागला. दुकानात कामाच्या माणसांना बोलावताना लागायचा तसा.

कोणी हललं नाही.

"आमी जेवलो सायेब," एकजण म्हणाला.

"जेवलो जेवलो," दुसरा म्हणाला, आणि कोरड्या हातानं त्यानं कोरडं तोंड पुसलं.

"आत्ताच झालं बगा," एक बाई म्हणाली आणि पुढ्यातलं रिकामं फडकं तिनं घडी करून मांडीखाली घेतलं.

ते वाक्य माणिकच्या ओळखीचं होतं. त्यातला प्रत्येक शब्द कसा उचलायचा, आवाज कुठं हलका ठेवायचा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता कानाकडं कसं बघायचं... सगळं ओळखीचं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारी सरकत पुढं आली. कोंडाबाई. हिनंच त्याच्या आईला खाणीवर कामाला लावलं होतं. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. तिनं मान तिरकी करून त्याच्या आवाजात कोणाचा तरी जुना आवाज ओळखल्यासारखं केलं.

"गोदीचा माणक्या न्हवं तू?"

सगळ्या माना वळल्या.

माणिक म्हणाला, "नाही, आजी. मी पुण्याचा."

म्हातारीनं डोळे चोळले.

"असंल बाबा," ती म्हणाली. "डोळं ग्येल्यात माजं. गोदीचं प्वार लई मानी हुतं. सगळी वर जायाची, ती मायलेकरं खालीच. आमी म्हनायचो, ह्यांच्या नाकाला काय झालंया..."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

माणिक मागं फिरला.

*

चढताना दोनदा त्याला थांबावं लागलं. दम लागला म्हणून नव्हे.

मुकादमाच्या बायकोनं त्याचं हसं केलं, ते तो चाळीस वर्षं उरी बाळगून होता. आणि आज त्यानं स्वतः काय केलं? पन्नास माणसांसमोर उभं राहून, उंच आवाजात, उपाशी म्हणून त्यांना हाक मारली. वर आपल्या आईला नाकारलं. मांजर बरं, असं ती बाई म्हणाली होती. बरोबरच म्हणाली होती. मांजर निदान आपल्या आईला ओळखतं.

बाबा करंजाखाली होते तसेच होते.

"काय म्हणाले?"

"जेवलो म्हणाले."

"तुला पटलं?"

वारं पत्रावळी उडवत होतं, हौसाबाई त्यांवर खडे ठेवत होती.

"नाही पटलं," तो म्हणाला.

"का बरं?"

"मीही तसंच म्हणतो, बाबा." माणिकनं खाली वस्तीकडं बोट केलं.

"मी पुण्याचा नाही. मी खालचा आहे. तुमच्याशी खोटं बोललो. आत्ता खाली जाऊन त्यांच्याशीही बोललो."

बाबांनी तांब्या पुढं सरकवला. "पाणी पी."

माणिक पाणी प्यायला.

"शेगडी काढून नेतो," तो म्हणाला. "आजच काढतो. चूल होती तशी बांधून देतो."

"हौसाचे डोळे?"

"...मग पंखा बंद ठेवू. मावशी फोडणी पुन्हा घालतील."

"हौसाचे डोळे?" बाबांनी त्याच आवाजात परत विचारलं.

माणिक आयुष्यभर एकच विद्या शिकला होता, धूर कसा लपवायचा. धूर कोणीतरी सोसायचा असतो, हे त्या विद्येत कुठं नव्हतं.

बाबा उठले. कट्ट्याच्या कडेला, जिथून खाली खाण दिसते तिथं गेले. पायानं एक दगड सरकवला. मग दुसरा. मग तिसरा. तीन दगडांच्या मधली धूळ त्यांनी हातानं झाडली आणि परत येऊन जागेवर बसले.

"फोडणी येते का तुला?"

"नाही, बाबा."

"किती ओटे बांधलेस म्हणालास आजवर?"

माणिकनं मान खाली घातली.

हौसाबाईनं लोखंडी पळी आणून दिली. तेल दिलं, डबा दिला, मूठभर काटक्या दिल्या. आमटीचं पातेलं दोघांनी धरून बाहेर आणलं. माणिकनं सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि गुडघ्यांवर बसला.

काटक्या ओल्या होत्या. फुंकून फुंकून गाल दुखले. धूर सरळ तोंडावर आला, नाकात गेला, डोळ्यांत गेला. डोळे वाहायला लागले. धुराचं एक बरं असतं. तिथं बसलेल्याला कोणी विचारत नाही, का रडतोस.

पळी तापली. तेल घातलं, मोहरी घातली. तडतडली तेव्हा तो दचकून मागं सरला, आणि तेवढ्यात लसूण करपला.

"जळालं," तो म्हणाला. "परत करतो."

"वास आला का?" बाबांनी विचारलं.

"करपल्याचा आला."

"खालच्यांना तेवढं कळतंय. कोणीतरी नवीन बसलाय म्हणतील. वत."

त्यानं पळी आमटीत उलटी केली. चर्र झालं. हिंगाचा, मिरचीचा, करपलेल्या लसणाचा एक मोठा लोट वर उठला, कट्ट्याच्या कडेवरून वाकला आणि टेकडीवरून खाली उतरत गेला. माणिक ठसकला. हौसाबाई दारात ठसकली. बाबा ठसकले, आणि ठसकता ठसकता हसले.

माणिक खाली बघत राहिला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग पत्र्याच्या सावलीतून एकजण उठला. त्यानं अंग झटकलं, जसं काही काम आठवलं. मग दुसरा. मग ती बाई. एकमेकांकडं न बघता, लांब लांब अंतर ठेवून, माणसं टेकडी चढायला लागली.

"पाण्याला आलो हुतो," पहिला वर येऊन म्हणाला.

"पाण्याला आलास तर पाण्यापाशीच बस," बाबांनी कट्ट्याकडं हात केला.

"शेळी बगायला आलो."

"मी सहज."

"सहज बस."

माणिक वाढायला लागला. भात निवलेला होता, आमटी कढत होती. खाली ज्यानं कोरडं तोंड पुसलं होतं त्याच्या पत्रावळीवर वाढताना माणिकची मान वर होईना. त्या माणसानं मात्र बोटानं दाखवलं, इथं, अजून थोडं. रागबीग काही दिसला नाही. जेवताना माणूस कुठं राग धरून बसतो?

शेवटी कोंडाबाई आली. तिला हाताला धरून कोणी आणलं होतं. ती बसली, पत्रावळ चाचपली, पहिला घास घेतला.

"लसून करापला," ती म्हणाली.

पंगत हसली. माणिक पातेलं घेऊन तिच्यापुढं थांबला. मग खाली बसला, तिच्या कानापाशी.

"आजी... मी गोदीचाच आहे."

म्हातारी घास चावत राहिली. गिळला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "भात वाढ."

त्यानं भात वाढला.

*

पंगत उठली. माणसं आली तशीच एकेक करून, लांब लांब अंतर ठेवून उतरली. हौसाबाईनं नवी शेगडी पुसली. पळी मात्र तिनं त्या तीन दगडांवरच ठेवली, उद्यासाठी. ती कोण उचलणार, हे कोणी बोललं नाही.

माणिक मागं झाडांत जाऊन बसला होता. हाताला काजळी, सदऱ्याला काजळी, अंगाला फोडणीचा वास. पुण्याच्या त्याच्या घरात हा वास कोणी आत घेतला नसता. अनुग्रहाचं विचारायला आज त्याच्यापाशी तोंड नव्हतं. आपण आता कधी विचारणार नाही, असंही त्यानं ठरवून टाकलं होतं. बाबांना नमस्कार करायचा आणि निघायचं.

तो कट्ट्यापाशी आला. बाबा अजून जेवले नव्हते. पंगत उठल्याशिवाय ते बसत नसत. त्यांच्यापुढं पत्रावळ होती, आणि तिच्या शेजारी दुसरी एक, रिकामी, वर खडा ठेवलेली.

माणिक वाकला. बाबांनी त्याच्या डोक्याकडं हात नेला नाही.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"मी जेवून..."

तोंडातून गेलंच. पुढचा शब्द त्यानं दातांत धरला. टेकडीवर कुठं आवाज नव्हता. खाली खाणीत घणाचा पहिला ठोका पडला, दुसरा पडला.

"वास आला होता का तुला?" बाबांनी विचारलं.

माणिकला त्या तीन दगडांचा धूर दिसला. त्याच्या मागं दुसरा एक धूर दिसला, फार जुना, याच टेकडीवरून उतरणारा, आणि नाकावर धरलेलं पदराचं टोक. त्या पदरालाही खडीचा वास होता.

"आला होता, बाबा."

बाबांनी शेजारच्या पत्रावळीवरचा खडा उचलला आणि थोडे सरकून बसले.

"मग एवढा उशीर का केलास?"